फेरी, फेरा आणि हेलपाटा

आमचे आजोळ सीमेपलीकडे, कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला आहे. काही वर्षांपूर्वी आमचे थोरले मामा देवाघरी गेले. त्यांच्या नावे असलेल्या दोन एकर जमिनीच्या उताऱ्यावर मामींचे व मुलांचे नाव चढवावयाचे होते. काम साधे, कोणाची हरकत नाही, भाऊबंदांत तंटा नाही. तरी मामींना कचेरीत पुनःपुन्हा जावे लागले. एकदा साहेब दौऱ्यावर, एकदा कारकून रजेवर, एकदा कागद अपुरे, एकदा कागद पुरे परंतु शिक्का अस्पष्ट. मामी चौथी शिकलेल्या आहेत. परत आल्यावर प्रत्येक वेळी चुलीमागच्या भिंतीवर त्या कोळशाने एक उभी रेघ ओढीत. अकरा रेघा झाल्या तेव्हा त्यांनी मला बोलावणे धाडले व साहेबांच्या नावे अर्ज लिहून देण्यास सांगितले.

मी आपल्या परीने शुद्ध मराठीत अर्ज लिहिला. 'सदर कामासाठी मी आपल्या कार्यालयास अकरा वेळा भेट दिली, तथापि,' येथवर वाचून दाखविले आणि मामींनी मला थांबविले.

"भेट? अरं बाबा, मी काय पाव्हणी म्हणून गेले हुते?"

मी 'भेट दिली' खोडून 'अकरा फेऱ्या मारल्या' असे लिहिले. तरी त्यांची मान हलेना. "फेरी कासारणीची. ती बांगड्या भरती आन् पैसं घिऊन घरला जाती. माझा हेलपाटा झाला. हेलपाटा लिव."

सरकारी अर्जात असा शब्द लिहिण्यास मला संकोच वाटला. साहेबांना राग येईल, काम आणखी लांबेल, अशी भीतीही वाटली. मामी मात्र हटल्या नाहीत. शेवटी 'अकरा हेलपाटे घातले' असे लिहून मी अर्ज त्यांच्या हाती दिला व संध्याकाळच्या एस्. टी.ने परत निघालो. घाटातली वळणे चढताना तो शब्द माझ्या डोक्यातून जाईना. जाऊन येणे एकच, रस्ता तोच, पाय तेच. पण त्याला तीन नावे, आणि तिन्हींचे अर्थ निराळे. आपण लिहिणारे लोक तिघांनाही एकाच पोत्यात भरतो आणि एक अशिक्षितप्राय बाई त्यांना निवडून वेगळे करते, याची थोडी लाजही वाटली. तेव्हापासून गोल फिरण्याच्या शब्दांकडे माझे लक्ष गेले. त्या छंदात जे हाती लागले, त्यातील काही वाचकांपुढे ठेवतो.

आधी फेरी व फेरा घेऊ. मराठीत पुष्कळ वेळा एकाच वस्तूचे पुल्लिंगी रूप मोठे व स्त्रीलिंगी रूप लहान असते : गाडा आणि गाडी, सुरा आणि सुरी, दांडा आणि दांडी. फेरा आणि फेरी यांचेही तसेच आहे. फेरी आपल्या हातातली. भाजीवाल्याची फेरी, पहाटेची प्रभातफेरी, जेवणानंतर गावाबाहेर मारलेली फेरी. ती सुरू केव्हा करावयाची आणि संपवावयाची केव्हा, हे फिरणारा ठरवितो. फेरा मात्र माणसाच्या हाती नसतो. दैवाचा फेरा, साडेसातीचा फेरा, जन्ममरणाचा फेरा. फेऱ्यात माणूस सापडतो. फेरीत कोणी सापडल्याचे ऐकिवात नाही. एका काना-वेलांटीच्या फरकाने भाषेने केवढे अंतर राखले आहे पाहा.

हेलपाटा याहून वेगळा. त्यात मोठेपणा नाही, दैवही नाही. केवळ व्यर्थ गेलेले पाय आहेत. हेलपाटा घातला असे म्हटले की काम झाले नाही हे वेगळे सांगावे लागत नाही. याच्या शेजारी खेप हा शब्द ठेवावा. विहिरीवरून पाण्याच्या पाच खेपा आणल्या, भट्टीवरून विटांच्या दहा खेपा झाल्या. खेपेला ओझे असते, आणि ओझे आहे म्हणूनच ती मोजता येते. येरझारा म्हणजे दाराशी घातलेल्या अस्वस्थ चकरा. इस्पितळाच्या पडवीत बाळंतिणीच्या नवऱ्याने घातलेल्या. घिरट्या घारीच्या, त्यांत खाली काहीतरी टिपावयाचे असते, म्हणून एखादा मनुष्य घराभोवती घिरट्या घालू लागला की शेजारीपाजारी सावध होतात. गस्त पोलिसाची व रामोशाची. हा शब्द फारसीतून आला आणि तिकडेही त्याच्या मुळाशी फिरणेच आहे.

खेटा या शब्दाची गोष्ट तर विशेष आहे. कचेरीत खेटे घालणे म्हणजे उंबरठे झिजविणे, हे सर्वांना ठाऊक. परंतु माघ महिन्यातील रविवारी कोल्हापुराहून हजारो लोक पायी जोतिबाच्या डोंगरावर जातात, त्या वारीलाही खेटेच म्हणतात. एक शब्द देवाच्या दाराशीही उभा आणि कारकुनाच्या टेबलाशीही. फरक असा की डोंगरावरच्या खेट्याला माणूस आपण होऊन जातो आणि रिकाम्या हाताने आलो असे म्हणत नाही.

फेरी या शब्दाबाबत गोव्यातील वाचकांशी मला थोडे अधिक बोलावयाचे आहे, कारण त्यांच्या कानावर तीन निरनिराळ्या फेऱ्या पडतात. पहिली मराठी फेरी, जिच्याविषयी वर लिहिले. दुसरी नदीवरची. पणजीहून बेतीला, रायबंदरहून चोडणला, जुन्या गोव्याहून दिवाडीला जाणारी फेरीबोट दिवसभर या काठाहून त्या काठाला जाते व येते, तेव्हा तिचे नाव मराठी फेरीवरूनच पडले असावे असे कोणासही वाटेल. पण तो इंग्रजी शब्द आहे. त्याचे मूळ वाहून नेणे या अर्थाचे, फिरण्याशी त्याचा संबंध नाही. तिसरी फेरी फेस्ताची. चर्चच्या फेस्ताच्या दिवशी अंगणाबाहेर चणे, खाजे, फुगे व भांडी यांची दुकाने मांडतात, तिला कोंकणीत फेरी म्हणतात. ती पोर्तुगीज 'फेइरा'वरून आली, आणि त्याच्या मागे लॅटिनमधील सणाचा दिवस या अर्थाचा 'फेरिया' हा शब्द आहे. म्हणजे दिवाडीचा एखादा गृहस्थ फेरीने नदी ओलांडून फेरीत फेरी मारून आला, तर त्याच्या एका वाक्यात तीन कुळांचे शब्द बसले. कोणी कोणाचा नातलग नाही, आणि तरी तिघेही गुण्यागोविंदाने नांदतात.

याच ओघात एक चुकीचा समज दूर करतो. फिरंगी हा शब्द फिरणे यावरून आला, समुद्रावर फिरत आले म्हणून फिरंगी, असे मी लहानपणी एका जाणत्या माणसाकडून ऐकले होते. ते खरे नव्हे. युरोपातील फ्रँक लोकांचे नाव अरबी-फारसीतून आपल्याकडे येता येता फिरंगी झाले. शब्दांच्या बाबतीत तोंडावळ्यावरून नाते ठरवू नये.

आता शेताकडे वळू. माझ्या लहानपणी आजोळच्या खळ्यात मळणी बैलांच्या पायांनीच होई. खळे शेणाने सारवून घ्यावयाचे, मध्यभागी तिवडा रोवावयाचा, त्याला बैलांची पात बांधावयाची आणि पेंढ्या पसरून बैल गोल फिरवावयाचे. तिवड्याजवळच्या बैलाला थोडे चालावे लागे, कडेच्या बैलाला पुष्कळ. म्हणून थकलेला म्हातारा बैल आत व दमदार बैल बाहेर, अशी मामांची रीत होती. आम्हा मुलांचे काम पातीमागे फिरून काठीने पेंढा वर-खाली करण्याचे. बैल फिरता फिरता खाली मान घालून तोंड भरून घेत, आणि मामा त्यांना हाकीत नसत. बैलाच्या तोंडाला मुसके का बांधीत नाही असे मी एकदा विचारले, तेव्हा ते म्हणाले, शास्त्रात मनाई आहे. पुढे कळले की अनुवादाच्या पुस्तकात पंचविसाव्या अध्यायात मळणी करणाऱ्या बैलाला मुसके बांधू नये अशी आज्ञाच आहे, आणि करिंथकरांस लिहिताना संत पौलाने तिचाच आधार घेतला आहे. आता मळणी यंत्र येते आणि दोन तासांत सारे आटोपते. तिवडा हा शब्द आमच्या घरच्या मुलांना सांगून समजवावा लागतो.

दुसरा बैल घाण्याचा. त्याच्या डोळ्यांवर झापडे असतात. तो सकाळी जेथून निघतो तेथेच संध्याकाळी असतो, आणि मधल्या वेळात किती चालला हे त्याला दिसत नाही. राबराब राबूनही जेथल्या तेथे राहिलेल्या माणसाला आपण घाण्याचा बैल म्हणतो. मळणीच्या बैलाची उपमा मात्र अशा माणसाला कोणी देत नाही. दोघेही गोलच फिरतात. एकाच्या पायांखाली दाणा आहे आणि तो त्याला दिसतो आहे, एवढाच भेद. आमच्या ऊसकरी भागातील चरकाचेही मूळ याच गोटातले. फारसीत चाकाला 'चर्ख' म्हणतात. चरखा त्यातूनच आला आणि चरकाचे नावही त्याच घराण्यातले. फारसी चर्ख व संस्कृत चक्र हे सख्खे चुलतभाऊ होत.

चक्राचे गोत्र फार मोठे आहे. त्यातून चाक निघाले. आता चाक कोणाला म्हणावे हे सांगावयास नको. पण सायकल हा शब्दही त्याच्याच घराण्यातला आहे, हे कित्येकांस नवल वाटेल. ग्रीक भाषेत वर्तुळाला व चाकाला 'कुक्लोस' म्हणत. संस्कृत चक्र, ग्रीक कुक्लोस आणि इंग्रजी 'व्हील' हे तिन्ही शब्द एकाच अतिप्राचीन शब्दाची लेकरे आहेत, असे भाषाशास्त्रज्ञांनी सिद्ध केले आहे. कुक्लोसपासून इंग्रजीत सायकल आली. तेव्हा गावचा सायकलदुरुस्तीवाला 'सायकलचे चाक काढ' असे आपल्या पोऱ्याला सांगतो, त्या वेळी हजारो वर्षांपूर्वी ताटातूट झालेली दोन भावंडे एका वाक्यात भेटतात. चक्रीवादळाला इंग्रजीत 'सायक्लोन' म्हणतात, तो शब्द तर आपल्याच देशात घडला. कलकत्त्यास राहणारे हेन्री पिडिंग्टन नावाचे गृहस्थ बंगालच्या उपसागरातील वादळांचा अभ्यास करीत असत. वारा सरळ न वाहता वेटोळे घालून फिरतो, हे खलाशांच्या मनावर ठसविण्यासाठी त्यांनी 1840 च्या दशकात हे नाव योजिले.

परंतु शेतकरी कुटुंबाने चक्र या शब्दाचा जो अवतार विसरू नये, तो म्हणजे चक्रवाढ व्याज. मुद्दलावर व्याज, त्या व्याजावर पुन्हा व्याज. शंभर रुपयांना दरसाल बारा टक्के सरळ व्याज लावले तर सहा वर्षांत व्याजाचे बहात्तर रुपये होतात. चक्रवाढीने सुमारे सत्त्याण्णव होतात, म्हणजे घेतले जवळपास तितकेच डोक्यावर चढते. कर्जाच्या कागदावर अंगठा किंवा सही करण्यापूर्वी हा एक शब्द कोठे आहे, हे मुलांकडून वाचून घ्यावे. चाक उतारावर सुटले की ते आपोआप वेग घेते. ज्याने हा शब्द घडविला त्याने सावकारी फार जवळून पाहिली असली पाहिजे.

कुक्लोस या ग्रीक शब्दाचे आणखी एक अपत्य आपल्या ख्रिस्तसभेत दर काही वर्षांनी ऐकू येते. पोपमहाशय साऱ्या जगातील ख्रिस्तसभेला उद्देशून जे पत्र लिहितात, त्याला 'एन्सिक्लिकल' म्हणतात. त्याचा शब्दशः अर्थ वर्तुळात फिरणारे पत्र. मराठीत आपण त्यास परिपत्र किंवा परिपत्रक म्हणतो, त्यातील 'परि' म्हणजे भोवती. कामकरी वर्गाविषयीचे 1891 सालचे तेरावे लिओ यांचे 'रेरुम नोवारुम' पत्र किंवा सृष्टीच्या जोपासनेविषयीचे 2015 सालचे फ्रान्सिस यांचे 'लाउदातो सी' ही अशीच परिपत्रे. रीत मात्र पहिल्या शतकाइतकी जुनी आहे. हे पत्र तुमच्याकडे वाचून झाले की लावदिकीयाच्या ख्रिस्तसभेतही वाचवून घ्या आणि तिकडचे तुम्ही वाचा, असे कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्राच्या शेवटी सांगितलेले आहे. छापखाना नव्हता, टपाल सामान्य माणसाचे नव्हते. पत्रच गावोगाव फिरे आणि माणसे आपापल्या जागी बसून ऐकत.

मामींच्या कथेतही परिपत्रक आहे. 'नवीन परिपत्रक आले आहे, आता हा दाखलाही लागेल,' असे सांगून त्यांना दोनदा परत पाठविण्यात आले. येथे पत्र जागच्या जागी राहिले आणि माणूस फिरला.

त्या कचेरीत अशा गोल शब्दांचा बाजारच भरलेला असतो. जमिनीच्या हक्कात जो बदल होतो त्याला फेरफार म्हणतात आणि तो फेरफाराच्या नोंदवहीत लिहितात. वारसाची खबर दिली की तलाठी नोंद धरतो, संबंधितांना नोटीस जाते, हरकतीची मुदत संपते आणि मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतो. त्यानंतर सातबाराच्या उताऱ्यावर नाव चढते. हा मंडळ अधिकारी गावात 'सर्कल' या नावाने प्रसिद्ध आहे. काही तलाठ्यांचे सजे मिळून एक महसूल मंडळ होते. त्या मंडळाचा, म्हणजे वर्तुळाचा, तो अधिकारी. तेव्हा सर्कलकडून फेरफार मंजूर करून घेण्यासाठी फेऱ्या माराव्या लागतात, असे म्हटले तर त्या वाक्यात सरळ रेषा अशी एकही सापडत नाही. सरकारी भाषेला फेर हा शब्द फार प्रिय आहे : फेरतपासणी, फेरचौकशी, फेरविचार, फेरमोजणी. तेथे फेर म्हणजे पुन्हा. ज्याला ते पुन्हा करावे लागते त्याचे पाय त्या शब्दात दिसत नाहीत, म्हणून तो कागदावर इतका सभ्य वाटतो.

मंडळ या शब्दाविषयी मात्र मला राग नाही. मंडल म्हणजे वाटोळा आकार, सूर्यमंडळ, चंद्रमंडळ. त्यातून गोल करून बसलेली माणसे ती मंडळी. भजनी मंडळ, महिला मंडळ, मंत्रिमंडळ ही सारी त्याच बैठकीतून उठली. जुन्या पिढीत घरधनी पत्नीचे नाव घेत नसत. 'आमची मंडळी माहेरी गेली आहे' असे म्हणत. एकटी बाई, पण तिला शब्द आख्ख्या बैठकीचा! ती माहेरी गेली की घरात बैठकच उरत नाही, हे त्या पुरुषांनी कबूल केले होते म्हणावयाचे.

आता एका शेवटच्या घराण्याकडे येतो, आणि मला ते सर्वांत श्रीमंत वाटते. संस्कृतात 'वृत्' हा धातू आहे. वळणे, फिरणे हा त्याचा मूळ अर्थ. त्यापासून वर्तुळ झाले, हे शाळेतील मुलालाही दिसते. पण वर्तुळ या शब्दानेच बोलीत झिजून वाटोळा हे रूप घेतले. वाटोळा चेहरा, वाटोळी भाकरी. आणि त्यातूनच 'माझे वाटोळे झाले' हा आक्रोश. एक भाऊ भूमितीच्या पुस्तकात कंपासाने नीट आखलेला, दुसरा चुलीपाशी डोक्याला हात लावून बसलेला. पायाखालची वाटही येथलीच. संस्कृतात 'वर्त्मन्' म्हणजे रथाच्या चाकाने पडलेली चाकोरी; ती झिजून वाट झाली. आपण चाळीस दिवसांच्या उपवासकाळात क्रुसाची वाट करतो, चौदा मुक्कामांवरून भिंतीच्या कडेने चर्चला एक पुरा वळसा पडतो, त्या वाट शब्दात जुन्या गाड्यांची चाके अजून फिरत आहेत. दिव्यातली वात तीच. कापूस तळहातावर वळून केलेली ती 'वर्ति'.

याच धातूपासून वर्तमान, म्हणजे जे आता फिरते आहे ते. वृत्त म्हणजे घडून गेलेले, म्हणून बातमी. वृत्त म्हणजे वर्तुळही, आणि कवितेची ठरीव चालही. पुस्तकाची आवृत्ती म्हणजे पुन्हा फिरून आलेली. वृत्ती म्हणजे मन ज्या बाजूला वळते ती बाजू, आणि वर्तन म्हणजे ते वळणे बाहेर लोकांना दिसते ते. निवृत्त म्हणजे कामापासून वळलेला, परावृत्त म्हणजे वाईटापासून मागे फिरलेला. हिब्रू पवित्र शास्त्रातही पश्चात्ताप करणे या अर्थी जे क्रियापद येते, 'शूव', त्याचा साधा अर्थ मागे फिरणे, परत येणे असाच आहे. घर सोडून गेलेल्या उधळ्या पुत्राने डुकरांच्या कळपापासून बापाच्या दारापर्यंत जे केले, ते या एका शब्दात मावते. आपल्या मराठीत मुलाला चांगले वळण लावतात, अक्षराला वळण असते, आणि घाटातल्या रस्त्यालाही वळण असते. तिन्ही ठिकाणी घाई केली की घात होतो, असे आमचे एक मास्तर म्हणत.

या साऱ्या शब्दांत प्रदक्षिणेला सर्वांत मान आहे. दक्षिण म्हणजे उजवा. पूज्य वस्तू आपल्या उजव्या हाताला ठेवून तिच्याभोवती फिरणे ती प्रदक्षिणा. तिच्या मध्यभागी काहीतरी असते, हे तिचे मर्म. मध्यभागी काही नसताना फिरले तर भोवळ येते. भोवळ, भोवरा, भ्रम आणि भ्रमर हे सारे एका मुळाचे. आणि केलेले कर्म 'भोवते' म्हणजे गोल फिरून कर्त्याकडेच येते. यहोशवाच्या पुस्तकात इस्राएल लोक यरीहो शहराभोवती सहा दिवस रोज एकदा व सातव्या दिवशी सात वेळा फिरले. एकूण तेरा. पहिल्या बाराअखेर तट जसाच्या तसा उभा होता. तटावरून पाहणाऱ्या पहारेकऱ्याला ते सारे हेलपाटेच वाटले असतील. बाहेरून चालणाऱ्याला ती प्रदक्षिणा होती. आणि आत कोंडलेल्या नागरिकाला तो वेढा होता. वेढा हा शब्दही पाहा : शहराला घातला तर संकट, आणि तसाच सोन्याच्या तारेचा बोटाला घातला तर त्याला वेढे म्हणतात आणि तो लग्नात मिरवितात. फिरण्याला कोणते नाव द्यावयाचे हे पुष्कळदा कोण कोठे उभा आहे यावर ठरते. मामींच्या कचेरीतील कारकून 'आजी, आणखी एक फेरी मारा' असे म्हणे, तो मुद्दाम खोटे बोलत नव्हता. खुर्चीतून ती फेरीच दिसते.

असो. अर्ज देऊन पंधरवडा झाला. मधल्या काळात पहिल्या सर्कलची बदली होऊन नवे साहेब आले होते. पुढची हकीकत मामींच्या तोंडून ऐकली ती सांगतो. साहेबांनी अर्ज उभ्या उभ्या वाचला, एका शब्दावर बोट ठेवले आणि वर पाहून विचारले, "किती हेलपाटे म्हणालात?"

"अर्जात हाय की साहेब, अकरा. आजचा धरून बारा."

साहेबांनी त्यांना बाकावर बसावयास सांगितले व कारकुनाकडून नोंदवही मागविली. शब्दामुळे काम झाले की नव्या माणसामुळे, हे मी सांगू शकत नाही. नोंद त्या आठवड्यात मंजूर झाली, आणि उतारा घेण्यासाठी मामींना पुन्हा एकदा जावे लागले.

नाताळात मी आजोळी गेलो तेव्हा चुलीमागची भिंत पाहिली. रेघा बाराच होत्या. तेरावी ओढावयाची राहिली काय, असे विचारले.

"त्यो हेलपाटा नव्हं," मामी म्हणाल्या. "ती खेप झाली."

मग त्यांनी कोनाड्यातील पत्र्याची पेटी उघडली, मुलांच्या बाप्तिस्म्याच्या दाखल्यांखालून घडी केलेला उतारा काढला आणि नाव बरोबर लिहिले आहे ना, ते मला पुन्हा एकदा वाचून दाखवावयास सांगितले.